स्थितप्रज्ञ मंडळी आणि अफूचा भाव

हे मी सांगायचं नव्हतं. काकूनं देवासमोर उभं करून तसं वचन घेतलंय. पण काकांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी एक तरी गोष्ट घडते, ती मी दाराआड वाती वळत ऐकते, आणि ऐकलेलं साठत जाऊन आता माझ्या पोटात जागा उरलेली नाही. तोंडानं सांगायला गेले तर तुम्हा मैत्रिणींसमोरसुद्धा माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. म्हणून लिहून देते. वाचा आणि चुलीत घाला.

माझे काका देवासच्या थोरल्या पातीचे रिटायर न्यायाधीश; आपलं गाव एक, पण राज्यं दोन, रस्त्याच्या अल्याड थोरली पाती आणि पल्याड धाकटी. त्यांच्या ओसरीवर रस्त्यापलीकडून धाकट्या पातीचे बापूसाहेब येतात, आणि आपले गणिताचे मास्तर येतात. तिघंही अफूच्या सट्ट्यात आहेत. म्हणजे डोळ्यांनी कधी न पाहिलेल्या पेट्या आज घ्यायच्या आणि भाव चढला की विकायच्या. भेराजी दलाल तारघरातून भाव आणतो. तिघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: सट्ट्यात माणूस बुडतो तो भावनेमुळे, आणि आपल्याला भावना नाहीत.

माझ्या वडिलांनी, दादांनी, मला धारहून इथे शिकायला ठेवलं, तेव्हा दिवाळीनंतरच्या इंदूरच्या शाळेचे आणि बोर्डिंगचे पैसे काकांपाशी दिले होते. काकांनी ते कुठलीही भावना मध्ये न आणता अफूत घातले. दादांना हे ठाऊक नाही. पैसे परत आले तर मी इंदूरला जाणार. न आले तर तिरल्याचं एक स्थळ तयार आहे. चांगलं आहे म्हणतात. दोन मुलंही आयतीच आहेत.

*

भाव ऐकताना चेहरा कोर्टात बसल्यासारखा हवा, असं काका सांगतात. त्यांचा असतोही. भाव चढो की पडो, भुवई हलत नाही. फक्त उजवा पाय हलतो. भाव त्यांच्या बाजूनं असला तर सावकाश, विरुद्ध गेला तर सतरंजी गोळा होईपर्यंत.

भेराजीला हे पहिल्याच महिन्यात कळलं. तेव्हापासून तो काकांच्या तोंडासमोर न बसता पायासमोर बसतो. पाय जोरात हलू लागला की दलाली वाढवून मागतो. घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही.

शेवटी काकूनं काकांचे पाय झाकायला शाल पाठवली. भर वैशाखात. भेराजी बराच वेळ चुळबुळत बसला आणि मग हात जोडून म्हणाला, “साब, शाल हटई लो. म्हारे कंई समझ नी पड़े.”

*

काका आणि बापूसाहेब एकाच डब्यातलं पान खातात. पण थोरल्या पातीनं केलं तेच धाकटीनं करायचं, म्हणजे भर रस्त्यात मुजरा घातल्यासारखंच. एकदा बापूसाहेबांनी पेट्या विकल्याचं कळल्याबरोबर काकांनी घेतल्या. काकांनी घेतल्या म्हणून बापूसाहेबांनी आणखी विकल्या. भाव काय आहे हे दोघांनीही विचारलं नाही.

महिनाभर भाव जागचा हलला नाही. दोघं मात्र घेत, विकत आणि दलाली देत राहिले. भेराजीच्या घरावर माडी चढली.

दोन्ही पात्यांनी मिळून बांधलेली गावातली ती पहिलीच इमारत.

*

मग काकांनी रूल केला की कुठलाही निर्णय घेण्याआधी देवीची टेकडी चढून यायची. डोकं थंड होतं म्हणे.

एका सकाळी ते सगळं विकायचं ठरवून निघाले. अर्ध्या वाटेत बापूसाहेब उतरताना दिसले आणि काकांना पाहून हसले. काका तिथूनच मागे फिरले. एवढं हसू येतंय म्हणजे यांच्याकडे इंदूरची आतली बातमी असणार! विकायचं राहिलं बाजूला, उलट आणखी दोन पेट्या घेतल्या.

दुपारी बापूसाहेबांकडून पेढे आले. त्यांना नात झाली होती. काकांनी पेढा खाल्ला, चेहऱ्यावर काहीही न दाखवता.

*

नफा आणि तोटा ही नुसती गणितं आहेत, असं मास्तर म्हणतात. खरंच आहे, ती आपल्याला सोडवावी लागतात. भाव चढला की त्रैराशिक तोंडी आणि सगळ्या पास. पडला की चक्रवाढ व्याज, पाटीच्या दोन्ही बाजूंनी. परीक्षेच्या सकाळी तुम्ही मला फाटकापाशी गाठून भेराजी काय म्हणाला ते विचारता, ते उगीच नाही.

तेवढ्यापुरतं का होईना, कुणीतरी आपणहून माझ्याशी बोलायला येतं.

*

श्रावणात भाव इतका पडला की काकांना घास गिळवेना. काकू तिरल्याचं नाव काढेनाशी झाली, म्हणजे ते किती जवळ आलंय हे मला कळलं. तेव्हा काकांनी अखेरचा उपाय केला. भेराजीला समोर बसवून म्हणाले, “यापुढे मी कितीही ओरडलो तरी ऐकू नकोस. विकायचं की ठेवायचं, ते बाईसाहेब सांगतील.” काकूला भावना नाहीत असं त्यांचं लग्नापासूनचं मत आहे.

आता काकू परपुरुषाशी बोलत नाही. तेव्हा ती दाराआडून मला सांगणार आणि मी भेराजीला सांगणार, असं ठरलं. माझा आवाज कसा असतो हे भेराजीला ठाऊक नव्हतं. मलाही फारसं नव्हतं.

भाद्रपदात भाव एकाएकी उसळला. काकूचा चातुर्मासाचा नेम मौनानं जेवायचा; पान संपेपर्यंत घर जळालं तरी शब्द काढायची नाही. भेराजी नेमका तेव्हाच धापा टाकत आला. दादांचे सगळे पैसे निघून वर काही उरेल, असा भाव होता. काका ओसरीवरून ओरडू लागले की थांब, अजून चढेल, खबरदार एक पेटी हलवलीस तर. भेराजी ठरल्याप्रमाणे त्यांच्याकडे पाठ करून दाराशी आला.

“बाईसाब, कंई हुकम हे? तारघर बंद हुई जायगो.”

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मग पानाकडे पाहिलं. आमटीची वाटी उचलली आणि सगळी भातावर ओतली.

मी दारात जाऊन म्हणाले, “काकू म्हणते, विका. सगळं.”

हे इतक्या मोठ्यानं की रस्त्यापलीकडे बापूसाहेब ओट्यावर येऊन उभे राहिले. भेराजी पळाला. काका रस्त्यापर्यंत ओरडत त्याच्या मागे गेले.

काकू सावकाश जेवली. ताकभातही सोडला नाही. मग उठली, चूळ भरली. काका उंबऱ्याशी येऊन म्हणाले, “तू खरंच विका म्हणालीस?”

काकूनं पदराला हात पुसले, आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली... थांबा गं, मी हे लिहितेय तोवर दादा बाहेरून मला हाका मारताहेत, ट्रंक टांग्यावर चढली म्हणे, ऊन व्हायच्या आत इंदूरची वाट धरायचीय, आता मी जर