जी-वायचा पत्ता

मिलिंद गेला, आणि माझं नाव हक्काने चुकवणारा माणूस गेला.

आज वर्ष झालं.

माझ्या नावाचं एक डोमेन आहे. उघडायला गेलात तर काही दिसत नाही. साइट सापडली नाही, एवढंच येतं.

काल माझा भाऊ फोनवर म्हणाला, "प्रज्ञा, ती साइट डेड आहे. रिन्यू कशाला करतेस? सोडून दे आता."

मला राग आला. डेड म्हणाला म्हणून.

तर ऐक दादा.

मिलिंद आणि मी एकाच कंपनीत होतो. आयटी नवं, ईमेलही नवे. तो नागपूरकडचा, शाळा हिंदीतली. मला पहिला मेल टाकताना त्याने माझ्या नावात जी-वाय घातलं. प्रग्या.
मेल बाउन्स झाला.

मग स्वतःच डेस्कपाशी आला.
"तुमच्या नावात हा डी कुठून आला?"
"जन्मापासून आहे. आपण आत्ता आलात."

आमचं लग्न झालं तेव्हा ऑफिसात जो तो डोमेन घेत सुटला होता. बाबा म्हणायचे, "मांजरी गावातल्या प्लॉटसारखंच आहे हे. पाटी लावायची, कुंपण घालायचं, घराचं नाव नाही."

मिलिंदनेही घेतलं. माझ्या नावाचं, पण जी-वायवालं.

"अहो इंजिनिअर, स्पेलिंग चुकलंय."
"मुद्दाम. साइट करायचीच नाहीये. नुसता मेलबॉक्स. आता मी कसंही लिहिलं तरी तुला पोचेल."

साइट कधी होणार, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "घर नाही, टपालपेटी आहे. पत्र असेल तर टाका."

कुणी टाकलं नाही. तोच टाकायचा. व्हॉट्सअ‍ॅप आलं तरी.

"मंडईत आहे. भेंडी जून आहे. गवार आणू?"
"मीटिंग लांबली. जेवून घे."

माझं उत्तर ठरलेलं. डी-एन-वाय. बाकी काही लिहायचे नाही.

शेवटचा मेल: "स्वारगेटला उतरलो. चहा टाक."

टाकला. आला, प्यायला, आलं जास्त झालंय म्हणून नावं ठेवली. त्याच आठवड्यात हार्ट अटॅक.

त्यानंतर त्या पेटीत काही आलेलं नाही. रोज उघडते. तिथे जाहिरातीसुद्धा येत नाहीत, कारण तो पत्ता त्याच्याशिवाय कुणी वापरलाच नाही.

बँकवाले, कुरिअरवाले अजूनही माझं नाव चुकवतात. पण ते नुसतं चुकवतात.

तेव्हा दादा, साइट डेड नाही. साइट कधी नव्हतीच. डोमेन मी आज पुन्हा रिन्यू केलंय.

सकाळी विहारात सगळ्यांनी आदरांजली वाहिली. मला तिथे बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मिलिंद, जी-वाय बरोबर आहे.