परातीचे घड्याळ

पत्नी अंथरुणाला खिळली आणि तिची दृष्टीही हळूहळू मंदावत गेली. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे तिला दिसेनासे झाले. नैवेद्याची वेळ, दिवेलागणीची वेळ यांवर तिच्या दिवसाची बांधणी होती, ती सुटली. "किती वाजले?" असे ती विचारी, थोड्या वेळाने पुन्हा विचारावे लागले की ओशाळून तोंड भिंतीकडे फिरवी. ते ओशाळणे मला पाहवत नसे. कुणालाही न विचारता तिला वेळ कळावी, एवढ्यासाठी तळहाताएवढ्या लाल आकड्यांचे विजेवरचे घड्याळ घरीच करायचे ठरले.

माझा धाकटा भाऊ कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. निवृत्तीनंतर तो आणि त्याची हत्यारे ब्रह्मपुरीच्या आमच्या घरी आली. आकड्यांच्या दिव्यांची सारी जोडणी त्याने केली. राहिला दर्शनी पत्रा. त्यासाठी अॅल्युमिनियम आणतो, असे तो म्हणाला, तेव्हा पत्नी खाटेवरून बोलली.

"भाऊजी, माही परात कापा. काठाले चिरली हाय. कणीक त आता मळली जात नाई मले."

ती पितळी परात तिच्या माहेरची, सावली गावची. नैवेद्याच्या पुऱ्यांची कणीक वर्षानुवर्षे तिच्यातच मळली गेली होती.

"वहिनी, माहेरची हाय. मांगून भांडसान."

"भांडाले ताकद कुठी हाय? कापा."

परातीचा सपाट तळ आखून त्याने बारीक करवतीने चौकोन काढला. आकड्यांच्या खिडक्यांसाठी ओळीने भोके पाडून मधला पत्रा कापला. कडा साफ करण्याचे काम माझ्याकडे आले. माझा हात पळी-पंचपात्राचा, कानशीचा नव्हे.

"भाऊ, पुढे ढकलताना दाब द्या, मांग येताना उचला. आरती ओवाळून राह्यले का?"

पत्नी हसली. त्या खोलीत तिचे हसू कितीतरी दिवसांनी ऐकले.

मग भावाने पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून पत्रा एकाच दिशेने घासला. पितळ मऊ, मंद पिवळे झाले.

"चमकवाचं नाई. चमकलं त दाराचा उजेड त्यात पडन अन् वहिनीले आकडे दिसणार नाई."

पितळ काळवंडू नये म्हणून वरून लॅकरचा हात द्यायचा होता. पण हवा दमट होती, तेव्हा ते काम लांबणीवर टाकले. घड्याळ देवघराशेजारच्या फळीवर, तिच्या खाटेसमोर बसले.

"दिसते काय?" मी विचारले.

"दिसते नं. साडेचार होऊन राह्यले."

साडेचारच होत होते; जवळच्या शाळेची घंटा नुकतीच झाली होती. त्यानंतर तिने वेळ विचारली नाही. मी देवापुढे कृतार्थ होऊन हात जोडले.

पुढच्या गुरुवारी देवाची भांडी घासायला काढली, तेव्हा तिने घड्याळाचा तो पत्राही काढून मागितला. त्यावरून बोटे फिरवली.

"खरखरीत लागते. मळकं पितळ देवाजवळ ठेवत असते का?"

चिंचेचा कोळ घेऊन, उशीला टेकून, दमत दमत तिने तो आरशासारखा केला. भावाने कपाळाला हात लावला.

"वहिनी, दिसन का तुमाले आता?"

"मले दिसते. तुमी आपलं काम पाहा."

तिचे ते घासणे दर गुरुवारी चालू राहिले. लॅकरचा डबा तसाच पडून राहिला.

एके दिवशी सकाळीच वीज गेली. मी सोवळे नेसून उभा होतो. कोपऱ्यावर सावलीच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"अकरा झाले," ती म्हणाली. "घड्याळात पाह्यलं मी. देवाचं पान वाढा."

मी फळीकडे पाहिले. आकडे विझलेले होते. त्या खिडक्यांत काळोखाखेरीज काही नव्हते.

"हो, अकरा झाले," मी म्हणालो आणि पान वाढायला आत गेलो. घड्याळ तिला पहिल्या दिवसापासूनच दिसत नव्हते. माहेरच्या गाडीवरून, शाळेच्या घंटेवरून ती वेळ जुळवीत होती. आम्ही दोघे वृद्ध भाऊ इतके खपलो, ते वाया गेले असे आम्हाला वाटू नये म्हणून. अखेरपर्यंत ती सांगत राहिली आणि मी मान्य करीत राहिलो.

थंडी सरता सरता ती गेली.

तिचे दिवसकार्य झाल्यावर भाऊ लॅकरचा डबा घेऊन आला. पत्र्याच्या कडेला, ती घासताना जिथे धरी तिथे, तिच्या बोटांचे ठसे उमटले होते.

"आधी थिनरनं पुसा लागते," तो म्हणाला. "बोटं जातीन."

"राहू दे."

पावसाळ्यात पितळ काळवंडले. ते ठसे त्याहूनही गडद होऊन दिसू लागले. रोज पूजेला बसताना दृष्टी तिकडेच जाई. तिच्या हयातीत या घरात देवाजवळचे पितळ कधी काळे राहिले नव्हते. एका गुरुवारी मी चिंच भिजत घातली.

पत्रा पुन्हा बसवत होतो तेव्हा भाऊ दारात उभा होता.

"बोटं गेले नं, भाऊ."

"गेले."

दारातला उजेड पितळावर पडला होता. आकडे दिसत नव्हते.

"पेपर मारून देऊ का जरासा? तुमाले त वेळ दिसाले पाह्यजे."

"नको," मी म्हणालो. "गाडीचा हॉर्न ऐकू येते मले."