अप्पांचे दोन ओहम

माझ्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात. जळालेले ट्रान्झिस्टर आणि किस्से. ट्रान्झिस्टर मी घारीच्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात टाकतो. किश्शांना डबा नाही, म्हणून ते चहाबरोबर बाहेर येतात. कोणी मित्र आला की डबा हलवायचा, जो ट्रान्झिस्टर वर येईल त्याची गोष्ट सांगायची. गेल्या वर्षी मात्र निम्मा डबा एकाच माणसाने भरला. आज त्याच्याच गोष्टी सांगतो.

दुकान सुरतेत, गोडादऱ्यात. स्पीकर, माइक, ॲम्प्लिफायर विकतो आणि दुरुस्त करतो. शिक्षण म्हणाल तर अमळनेरकडच्या शाळेत नववीपर्यंत, आणि पुढचं पॉवरलूमवर. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते शॉक खाऊन. शॉक हा फार चांगला मास्तर. एकदा सांगितलेलं त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

*

ॲम्प्लिफायर कसा निवडावा याचं आमच्याकडे प्रत्येकाचं शास्त्र ठरलेलं आहे. शेजारचे जयंतीभाई साडीच्या लेसचे व्यापारी. लेस मीटरवर विकतात, पण जगातली बाकी प्रत्येक वस्तू वजनावर पारखतात. माझ्या गिऱ्हाइकाला माझ्याआधी तेच सल्ला देतात, "उठावीने जोवो. भारी छे तो सारू छे." उचलून बघा, जड तो चांगला.

एकदा एका भजनी मंडळाचे बापू कुठून तरी घेतलेला मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, दुरुस्तीला घेऊन आले. उचलताना माझी कंबर गेली. उघडला, तर आत कोपऱ्यात सिमेंटचा ठोकळा, चार स्क्रूंनी नीट बसवलेला. मी तो काढून ठेवला, मशीन दुरुस्त केला आणि बापूंना दिला.

दुसऱ्या दिवशी बापू परत. "सुभाषभाऊ, आवाज हलका लागतोय."

मी ठोकळा परत बसवून दिला.

संध्याकाळी बापूंचा फोन आला, "आता कसा भरीव झाला."

*

आता अप्पा. धुडकू अप्पा मूळचे शिरपूरकडचे. मी सुरतेत आलो तेव्हा बमरोलीच्या ज्या लूमखात्यात लागलो, तिथे ते जॉबर होते. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. तीस वर्षं त्यांनी लूम बरे केले आणि लूमने त्यांचे कान घेतले.

लूमखात्यात कानांना काही कामच नसतं. खटखटाटात शेजारच्याची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठ बघून बोलणं समजतात. मीही चार वर्षांत शिकलो, आणि ही विद्या मला धंद्यात जेवढी उपयोगी पडली तेवढी दुसरी नाही. नवरा-बायको दुकानाबाहेर जाऊन ठरवतात की भाव किती पाडायचा. मी काचेतून वाचतो. ते आत येतात तेव्हा मी त्यांच्या मनातलाच आकडा बोलतो. लोक म्हणतात, सुभाषभाऊ फार समजूतदार माणूस.

*

तर अप्पा एक दिवस टेम्पोतून उतरले. मागे दोन स्पीकर, उंचीला माझ्या छातीपर्यंत. वेसूकडच्या एका बंगल्यात सामान निघत होतं, तिथून अप्पांनी ते भंगारात घेतले होते. बंगल्याच्या शेठने ते काढण्याआधी एकदा वाजवून दाखवले, आणि अप्पा तिथेच जिन्यावर बसले.

"सुभाष, गाणं ऐकू आलं मला," अप्पा म्हणाले. आम्ही बोलतो ती अहिराणीच; लिहिताना मी जरा मराठी करून घेतो. "कानाने नाही, छातीतून आलं. पण आलं. श्रावणात कानबाई बसेल, तुझी काकू गाईल. ते मला एकदा ऐकायचंय. याला बसेल असा मशीन दे."

वेणूकाकू म्हणजे अप्पांच्या बायको. कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणात ती घरी बसते तेव्हा बाया रात्र जागवून गाणी म्हणतात, आणि गोडादऱ्यात काकूंसारखं गाणारं कोणी नाही. वीस-पंचवीस वर्षं सगळी गल्ली ऐकते. एकट्या अप्पांना ऐकू येत नाही.

मी म्हटलं, "अप्पा, झालं समजा."

व्यापाऱ्याने हे दोन शब्द कधी बोलू नयेत.

*

ओहम काय ते मी गिऱ्हाइकाला असं सांगतो. स्पीकर हा पाहुणा, ॲम्प्लिफायर हा यजमान. आठ ओहमचा पाहुणा दोन पोळ्या खातो. चार ओहमचा चार. दोन ओहमचा म्हणजे अधिक महिन्यातला जावई, तो आठ खातो आणि विचारतो, जेवायला कधी बसायचं? ओहम कमी, भूक जास्त.

अप्पांच्या स्पीकरवर मागे चार ओहम लिहिलेलं. पण ढोलाचा ठोका आला की ते दोनच्याही खाली उतरत. पत्रिकेत एक आणि पंगतीत दुसरं.

हे मला नंतर कळलं. आधी मी काय केलं? ज्या मशीनवर सगळ्यात मोठा आकडा छापलेला होता तो विकला. बाराशे वॅट. जोडला, गाणं लावलं. पहिल्या ठोक्याला लाइट मंद झाले, दुसऱ्याला धूर निघाला.

अप्पा स्पीकरसमोर शांत बसून होते. मी हाताने खूण केली, संपलं.

"कसं संपलं? गरम वास येतोय," अप्पा म्हणाले. "लूमची मोटर असाच वास मारते. म्हणजे चालू आहे."

मशीन मी परत घेतला, विकला मीच होता. संध्याकाळी काकूंकडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. मला वाटलं, सांत्वन असेल.

*

दुसरा मशीन शहाणा होता. स्पीकर जास्त ओढायला लागला की स्वतःला वाचवायला टक्‌ करून बंद पडायचा. ठोका, टक्‌. ठोका, टक्‌. तासाभरात अर्धं गाणं झालं.

अप्पा तो घरी घेऊन गेले. आता, धागा तुटला की लूम आपोआप थांबवणारा एक काटा असतो. कापड जास्त निघावं म्हणून जॉबर लोक तो तारेने बांधून ठेवतात. अप्पांनी तीस वर्षं तेच केलं होतं. त्यांनी मशीन उघडला, जे टक्‌ करतं ते शोधलं आणि बांधून टाकलं. फ्यूज जात होता, तिथे लूमच्या फणीची पोलादी तार घातली.

मशीन पुन्हा थांबला नाही. चाळीचे लाइट गेले, पंखे गेले, कोणाची तरी पीठ दळायची घरघंटी गेली, मग मशीन गेला. स्पीकर वाचले ते त्यांच्या नशिबाने.

"काटा बांधला होता मी बरोबर," अप्पा म्हणाले. "मशीनमध्येच दम नाही."

*

या वेळी भाकरी घेऊन काकू स्वतः आल्या. जयंतीभाई त्यांच्या दुकानात जाईपर्यंत थांबल्या.

"सुभाष, मशीन सुधरतोय का?"

"सुधरेल काकू, कानबाईच्या आत देतो."

"घाई कशाला करतो भाऊ? दिवाळी येतेच आहे."

मग त्या स्टुलावर बसल्या आणि मला खरं कळलं. काकू दर वर्षी कानबाईच्या गाण्यात अप्पांवर एक कडवं जोडतात.

*धनी मन्हा लूमना व्हयना,*
*घरमा राहीसन पाव्हना राह्यना.*

नवरा माझा लूमचाच झाला, घरात राहूनही पाहुणाच राहिला. गल्लीतल्या सगळ्या बाया हे कडवं यायची वाट बघत असतात आणि आलं की पदर तोंडात घालतात.

"आणि अप्पा?" मी विचारलं.

"ते काय, नंदीसारखे समोर बसून माझ्याकडे बघतात आणि मान डोलवतात. वीस वर्षं झाली. आता या वयात त्यांना ऐकू आलं तर मी तोंड कुठे लपवू? कमी दमाचाच एखादा मशीन दे बाबा."

काम लांबवावं म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी भाकरी देत होतं. एरवी ते मी फुकट करतो.

*

पण इथे माझी इज्जत अडकली होती. दोन मशीन जळाले म्हणजे गल्लीत दोनशे गिऱ्हाइकं जळाली. त्या सुमाराला एका कंपनीचा सेल्समन आला, इस्त्रीचा शर्ट, हातात ब्रोशर.

"सर, टू ओहम स्टेबल. ब्रोशरमध्ये लिहिलंय, भरोसा ठेवा."

"ठेवला," मी म्हटलं. "मी ब्रोशरलाच वायर जोडणार होतो, पण त्यातून आवाज येत नाही. मशीन आणा."

मशीन आला. मी पाण्याच्या बादलीत हीटरच्या कॉइल सोडल्या, दोन ओहम होतील अशा जोडल्या, आणि मशीन त्यावर लावला. खरा मशीन कसा ओळखायचा? ओहम निम्मे केले की त्याची ताकद जवळजवळ दुप्पट झाली पाहिजे. आठवर शंभर, तर चारवर दोनशे, दोनवर चारशेच्या आसपास. यजमानाच्या कोठारात पीठ असलं तरच हे जमतं. नुसतं दारावर 'सुस्वागतम' लिहून जमत नाही.

सेल्समनचा मशीन चारपर्यंत पोचला आणि मग झोपला. बादलीतलं पाणी कोमटसुद्धा झालं नव्हतं.

"सर, पाणी जास्त घेतलंत तुम्ही," तो म्हणाला.

*

शेवटी मशीन मिळाला तो कडोदऱ्याच्या एका भंगार गोदामात. बंद पडलेल्या कुठल्याशा ऑर्केस्ट्राचा, हाताने बांधलेला. ट्रान्सफॉर्मर कलिंगडाएवढा, दोन्ही बाजूंना ट्रान्झिस्टरांची रांग. बादलीवर लावला, तर दोन ओहमवर अर्ध्या तासात पाण्याला वाफ आली आणि मशीन थंड. जयंतीभाईंनी उचलायला बघितला, उचलला गेला नाही. खाली ठेवलेल्यालाच हात जोडले. मी आत सिमेंट आहे का ते बघून घेतलं. नव्हतं. तेव्हा जयंतीभाईंचं शास्त्र अगदीच चूक नाही, हे मला त्यांना न सांगता मान्य करावं लागलं.

अडचण एकच. पुढे प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं, १२० वॅट.

अप्पांनी ते वाचलं. "सुभाष, बाराशेचा जळाला. एकशेवीसचा काय करेल?"

मी ओहम सांगितले, जावई सांगितला, बादली दाखवली. अप्पा आकड्यावरून बोट उचलेनात. शेवटी समोरच्या पेंटरला बोलावलं आणि १२० च्या पुढे आणखी दोन शून्यं रंगवून घेतली. इतका खरा मशीन मी कधी विकला नव्हता, आणि तो खोटं लिहिल्याशिवाय गेला नाही.

काकूंच्या भाकऱ्या त्या दिवसापासून बंद.

*

श्रावणातला रविवार. अप्पांच्या दारात कानबाई बसली, शेजारी दोन स्पीकर. त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून अप्पा, धुतलेल्या टोपीत. मशीनपाशी मी. एक हात नॉबवर, दुसऱ्या हातात जुनी सवय म्हणून ओलं फडकं.

काकूंनी माइक धरला. ढोलकीचा पहिला ठोका पडला, दुसरा पडला. लाइट हलले नाहीत. स्पीकर पोटभर जेवत होते. अप्पांचा हात आपोआप छातीवर गेला आणि तिथेच राहिला.

गाणं पुढे सरकलं तशा बाया एकमेकींना कोपर मारू लागल्या. ते कडवं आता येणार हे प्रत्येकीला ठाऊक. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी सुरू केलं:

*धनी मन्हा सोनाना व्हयना,*
*घरनी शोभा बनी राह्यना.*

लूमच्या जागी सोनं, पाहुण्याच्या जागी घराची शोभा. बायांची तोंडं उघडीच राहिली. आणि अप्पांनी हात वर केला. लूमखात्यात लूम थांबवायला करतात तशी खूण. ढोलकी थांबली.

"हाई नही," काकूंच्या ओठांवरची नजर न काढता अप्पा म्हणाले. "दरसालनं म्हन."

काकूंचा आवाज दोन्ही स्पीकरमधून आला, "कोनतं दरसालनं?"

"पाव्हनावालं."

काकूंच्या हातातला माइक पदराला घासल्याचंही ऐकू आलं.

अप्पा खुर्चीत नीट सरसावून बसले. "शब्द माले पाठ शेतस. चाल तेवढी आयकानी राहेल शे."