मोठ्यानं वाच, योगराज

सुरतेच्या लिंबायत भागात धुरपदाबाईंच्या खोलीत दुपारी दोन वाजले की आठ-दहा बायापोरी साड्यांना खडे चिकटवायला जमायच्या. साडी मांडीवर पसरायची, गोंदाचा ठिपका द्यायचा, त्यावर खडा बसवायचा. संध्याकाळपर्यंत हेच.

शेजारची चंचल दहावीत होती. सकाळची शाळा करून तीही यायची. पण एक दिवस ती खडे सोडून पुस्तकात तोंड घालून बसली. धुरपदाबाई म्हणाल्या, "एकटीच काय वाचतेस? आम्हालाही ऐकव. तुझ्या वाटणीचे खडे आम्ही लावतो."

तेव्हापासून रोज वाचन सुरू झालं. धुरपदाबाईंचे यजमान भटूबाबा कोपऱ्यात बसायचे. लूमवर चाळीस वर्षं काढल्यानं त्यांचे कान गेले होते. त्यांना ऐकू जावं म्हणून चंचलला ओरडूनच वाचावं लागायचं, आणि अर्धी गल्ली ऐकायची.

धुरपदाबाई स्वतः दुसरीपर्यंत शिकलेल्या. चौदाव्या वर्षी लग्न होऊन शिरपूरकडून सुरतेला आल्या, त्या अक्षरं विसरूनच. पण गोष्ट कुठं थांबली होती, हे दुसऱ्या दिवशी चंचलला त्याच सांगायच्या.

त्या महिन्यात चंचलनं आणलेलं पुस्तक तारा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीचं होतं. वर्गातला एक मुलगा तिचा फोटो चोरून काढतो, त्याखाली घाणेरडं काहीतरी लिहितो आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवतो. घरचे ताराचीच शाळा बंद करतात.

पहिल्या दिवशी एवढं वाचून झालं. सगळ्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पल्लवीकडे पाहिलं. सोळा वर्षांची पल्लवी चंचलच्याच वर्गातली. चार महिन्यांपूर्वी तिच्या बाबतीत हेच घडलं होतं. तिचे वडील पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला, रविवारीच घरी येणारे. निर्णय काकानं, योगराजनं घेतला होता. शाळा बंद. नंदुरबारकडचं एक स्थळही बघून ठेवलेलं. पल्लवीनं तेव्हापासून बोलणंच सोडलं होतं. खडे लावायची आणि घरी जायची. त्या दिवशी मात्र ती उठताना चंचलला म्हणाली, "पुढचं उद्या वाचशील ना?"

चंचलनं ते पुस्तक मुद्दाम शोधून आणलं होतं, हे धुरपदाबाईंना तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी योगराज साड्यांचा गठ्ठा घेऊन आला. गल्लीतल्या बायांना खड्यांचं काम तोच द्यायचा. गल्लीच्या तोंडापासूनच त्यानं चंचलचा आवाज ऐकला असावा. आत आला आणि त्यानं चंचलच्या हातातलं पुस्तकच हिसकावलं.

"मावशी, पोरींपुढं ही घाण वाचता? असल्या पुस्तकांनीच पोरी बिघडतात."

"कोणत्या पानावर आहे घाण?" धुरपदाबाईंनी विचारलं. हात गोंदानं भरलेले होते, त्या उठल्या नाहीत.

"सगळंच आहे."

"माले वाचता येत नही, भाऊ. तू वाच. मोठ्यानं वाच, योगराज. आम्हालाही कळू दे."

सगळ्या बाया बघत होत्या. माघार घेणं त्याला जमेना. त्यानं पान उघडलं आणि तावातावानं वाचायला लागला. "काका म्हणाला, तूच काहीतरी केलं असशील. त्याशिवाय कोण उगाच फोटो..." इथं त्याची जीभ अडली. हेच वाक्य तो चार महिन्यांपूर्वी अंगणात उभं राहून पल्लवीला बोलला होता. अगदी शब्दशः.

"थांबला कसाले? वाच ना," धुरपदाबाई म्हणाल्या. "त्या पोराची शाळा चालू आहे. त्याचा काका त्याला काही म्हणाला का, तेही लिहिलंय का बघ."

योगराजनं पुस्तक भुईवर फेकलं. "उद्यापासून साड्या दुसऱ्या गल्लीत जातील."

धुरपदाबाई आता उठल्या. त्यानं आणलेला गठ्ठा त्यांनी उचलला, बाहेर नेऊन त्याच्या गाडीवर ठेवला आणि परत आत आल्या. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.  आठ घरांचं काम त्यांनी एका हिसक्यात घालवलं होतं.

आत येऊन बघतात तर पल्लवीनं पुस्तक उचललं होतं आणि ती वाचत होती. आवाज चिरका येत होता, मध्येच तुटत होता. भटूबाबा म्हणाले, "जरा जोरात, बेटा." पल्लवीनं आवाज चढवला.

तीन आठवडे खोलीत काम नव्हतं. दोन बायांनी बोल लावला, एकीनं आपल्या मुलीला पाठवणं कायमचं बंद केलं. धुरपदाबाई डिंडोलीपर्यंत पायी हिंडल्या, तेव्हा कुठं एका व्यापाऱ्याकडून लेस लावायचं काम मिळालं.

रविवारी त्या पल्लवीच्या घरी गेल्या. तिच्या वडिलांपुढं बसून म्हणाल्या, "पोऱ्या शाळामा जास अन पोर घरमा. हाई कोनता न्याय शे? आणि पोर सोळाची आहे. लग्नाची बैठक बसवाल त्या दिवशी मी पोलीस घेऊन येईन. शेजारीण म्हणून आधी सांगते."  वडील बायकोला म्हणाले, "उद्या शाळेत जाऊन या."

पल्लवीची आई आणि धुरपदाबाई दोघी गेल्या. हजेरी कमी पडते, असं मुख्याध्यापक म्हणाले. धुरपदाबाईंनी विचारलं, "हिचा फोटो पाठवणाऱ्या त्या मुलाची हजेरी किती आहे?" त्यावर त्यांनी पल्लवीला परत घेण्याचा फॉर्म काढून दिला. मुलाच्या पालकांना बोलावलं, तंबी दिली. एवढंच झालं. धुरपदाबाईंना ते पुरेसं वाटलं नाही, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

पल्लवी आता शाळेत जाते. मागून कुणी खुसखुसलं तर वळून त्याच्या डोळ्यात बघते, असं चंचल सांगते. योगराज आजही गल्लीतून जाताना मान फिरवतो. धुरपदाबाई मात्र दर वेळी दारातून त्याला मोठ्यानं हाक मारतात, "योगराज, चहा घेऊन जा रे!" अजून तो थांबलेला नाही.