काळ्या काचेतले ठिपके

दादाचा फोन आला. "तुझी वहिनी गेली गं. चहा ठेवला अन् ओट्यापाशीच बसली... चलो, तू निघ." नागपूरहून जबलपूरला पोचले, तर बाहेरच्या खोलीत जो तो एकच बोलत होता: किती समाधानी बाई होती, कधी काही मागितलं नाही! मी पाणी प्यायले आणि गप्प बसले. गप्प बसण्यातच माझा जन्म गेला. आता दीड महिना झाला, राग निवत नाही, म्हणून लिहितेय. मागितलं होतं तिनं. एकच गोष्ट मागितली होती, स्वयंपाकघराच्या खिडकीची काच.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते. दादा फॅक्टरीत लेथवर. घर स्वतःचं, पण दोन खोल्या अन् एक कोंदट स्वयंपाकघर, त्याला एकच न उघडणारी खिडकी. ही मुलगी तिथं रमली. लेथवर सोललेल्या पितळेची, केसांच्या बटेसारखी एक गुंडाळी दादाच्या बुटाच्या तळव्यात रुतून घरी आली. आई ती केरात टाकणार होती. वहिनीनं दोरा बांधून खिडकीत टांगली. कांदा चिरता चिरता थांबायची. "ताई, बघा न, एकात एक कश्या बांगड्या बसल्या आहेत!" मी हसायचे. "वहिनीला काय, तिला कांद्याच्या बांगड्या पुरतात," असं एकदा मीच गमतीनं म्हटलं, अन् ते वाक्य घराला फार सोयीचं पडलं. दिवाळीत माझ्यासाठी पाटल्या झाल्या. तिच्यासाठी ते वाक्य.

मग एकाहत्तरची लढाई लागली. दादाची डबल ड्यूटी, भोंगा वेळी-अवेळी, विमानांच्या भीतीनं दिवेलागणीला गल्लीभर काळोख. सगळ्यांनी काचांना काळा कागद चिकटवला. वहिनीनं त्या कागदाला दाभणानं भोकं पाडली, रांगोळीचे ठिपके काढतात तशी, ओळीनं. सकाळी फरशीवर उन्हाचे ठिपके पडायचे आणि ही चिमटीत रांगोळी घेऊन ते जोडत बसायची. कमळ अर्धं होईस्तोवर ऊन सरकायचं; ठिपके पुढं, रेघा मागं. मग पदर तोंडावर धरून अशी हसायची... "पळाले, ताई! आज पण पळाले!" संध्याकाळी त्या भोकांवर ती न चुकता सतरंजी टांगायची. एकदा खिळा निसटला.

गल्लीत पहारा देणारे शेजारी ओरडले, "भाभीजी, दुश्मन को न्योता दे रही हैं क्या? पूरा आसमान टांग रखा है खिड़की में!" चार लोक हसले. दादाला ते हसणं झोंबलं. "काहून केलं हे? तिकडं लोक मरून राहिले, अन् तू खेळून राहिली?" त्यानं कागद फाडला आणि काचेला आतून काळा रंग फासला. त्या दिवशी तो चुकला असं मी म्हणत नाही. पण लढाई संपली, गल्लीतल्या बायकांनी काचा धुतल्या, आमची तशीच राहिली. वहिनीनं खरवडायला घेतली तर त्यानं पुन्हा रंग फासला. "राहू दे. आठवण राहील तुला."

तिनं नवी काच मागितली. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, आई गेल्यावर, मुलं शाळेत जायला लागल्यावर... आणि दर वेळी कुणीतरी हसून माझंच वाक्य तिच्या अंगावर टाकायचं. भर दुपारी पिवळ्या बल्बखाली तिनं लाटलेल्या पोळ्या मीही माहेरपणाला जाऊन खाल्ल्या. दादा, काच बदल, एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. माहेर गोड राहायला हवं होतं ना! तिचा आनंद खोटा नव्हता, हे मला ठाऊक आहे. चीड त्याचीच येते. जिला थोडक्यात आनंद होतो, तिला थोडकंच द्यायचं, ही कुठली रीत?

तेरवीच्या आदल्या दिवशी आचारी आला. आत डोकावून म्हणाला, "बाबूजी, यहाँ तो कुछ दिखता ही नहीं." अन् दादा उठला! स्वतः स्कूटर काढून काचवाल्याला घेऊन आला. दुपारच्या आत नवी काच बसली. एका दिवसाच्या आचाऱ्यासाठी!

"तीस वर्षं कुठं होता हा काचवाला?" मी ओरडले. सुतकाच्या घरात, पाहुण्यांसमोर.

"अब छोड न," दादा खाली बघत म्हणाला. "इतक्यात तिनं काही म्हटलंच नाही."

"मागून मागून थांबली होती ती, दादा!"

मी बाहेर आले. जुनी काच अंगणात भिंतीला टेकवलेली होती, कबाडीला द्यायला. उचलून उन्हासमोर धरली... काळ्या रंगात टाचणीनं उकरलेले ठिपके. ओळीनं, दादाच्या नजरेत भरणार नाहीत इतके बारीक. मी ती तिच्या साडीत गुंडाळून नागपूरला आणली.

आता ती माझ्या पूर्वेच्या खिडकीत उभी आहे. सकाळी फरशीवर ठिपके पडतात. मी चिमटीत रांगोळी घेऊन बसते, दोन रेघा ओढते, तोवर ते सरकतात. मला हसू येत नाही. फडकं घेऊन फरशी पुसते, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते.