पुढच्या सीटवरचं बोलणं

माजी सैनिक संघटनेच्या त्या शाखेत वहिनींशिवाय पान हलत नसे. चहा, गोळ्यांच्या डब्या, कुणाची काठी, कुणाचा चष्मा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पगार नाही, पण मान होता. म्हातारे शिपाई त्यांच्यापाशी मन मोकळं करत. कुणी कैदेतले दिवस सांगे, कुणी नसलेल्या पायाला अजून खाज सुटते म्हणून हसे. वहिनी हातातलं काम ठेवून ऐकत. फक्त त्यांचा स्वतःचा नवरा, तोही लढाईवरून परतलेला नाईक, तोंडाला कुलूप लावून बसलेला. खांद्यावरचा तो लांब वण कसला, असं विचारलं की "लागलं होतं" एवढंच उत्तर. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं.

मग शाखेची व्हॅन चालवायला एक नवा स्वयंसेवक आला. जन्मभर दूधगाडी चालवलेला, भारी बोलघेवडा. दर गुरुवारी तो नाईकांना खांद्याच्या व्यायामासाठी इस्पितळात नेऊ लागला.

एकदा ते दोघं परतल्यावर वहिनी मागच्या अंगणात गेल्या. व्हॅनची काच खाली होती आणि आतून नवऱ्याचा आवाज येत होता. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या मित्राबद्दल तो सांगत होता. उकरता उकरता नखं निघाली, वरून दगड येऊन खांदा फाटला, तरी हात थांबला नाही. आणि मित्र सापडला तेव्हा सगळं संपलं होतं. एरवी कुणाला बोलू न देणारा ड्रायव्हर गप्प बसून ऐकत होता.

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. वाईट नंतर वाटलं, आधी नुसता जळफळाट. त्या खांद्याला शेक दिला आपण, आणि त्याची गोष्ट कळली कुणाला, तर दुधाचे कॅन वाहणाऱ्याला! सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. याचं काय करायचं?

त्यांनी सचिवांना सांगितलं की यांना व्हॅनमध्ये गरगरतं, मीच बसनं नेत जाईन. ड्रायव्हरच्या चहात साखर पडेनाशी झाली. तो बिचारा चहा छान झालाय म्हणत पीत राहिला, त्यामुळे त्या आणखीच चिडल्या.

बसमध्ये वहिनी कान टवकारून बसत. नाईक खिडकीबाहेर बघत. ऊन वाढलंय, गर्दी आहे, यापलीकडे गाडी सरकेना. शेवटी एका गुरुवारी बसथांब्यावर त्यांचा बांध फुटला.

"त्या ड्रायव्हरला सांगता, मग मला का नाही?"

नाईकांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "त्याला सांगितलेलं गाडीतच राहतं. मी उतरतो, तो निघून जातो. तुला सांगितलं असतं, तर जेवताना, निजताना तुझ्या डोळ्यांत तेच दिसलं असतं. एक घर तरी मला त्या आठवणींवाचून हवं होतं गं."

बस आली. वहिनींनी त्यांना हात देऊन चढवलं आणि वाटभर स्वतःच खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढच्या खेपेला त्यांनीच नवऱ्याला व्हॅनमध्ये पुढे बसवलं, पट्टा लावला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "लांबच्या रस्त्यानं आलात तरी चालेल."

व्हॅन फाटकाबाहेर पडायच्या आतच नाईकांचे ओठ हलू लागलेले दिसले. समजूत पटली म्हणून हेवा थोडाच जातो? वहिनी आत गेल्या आणि लख्ख घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.