छत्तीस गुणांऐवजी एक ‘आ’

पुंडलिकनगरातले सगळ्यांत सुखी कान आमच्या थोरल्या साडूंचे, आणि सगळ्यांत दुःखी कानही त्यांचेच. जन्म देवगाव रंगारीचा, उभी नोकरी वीज खात्यात, गाणं कधी शिकले नाहीत; पण कोणते दोन आवाज एकत्र गोड लागतात आणि का लागतात, हा ध्यास कधी लागला ते त्यांनाही आठवत नाही. गुलमंडीच्या बाजारात पातेलं घ्यायला गेले, तर आधी नवं बोटानं ठोकणार, मग घरून पिशवीत नेलेलं जुनं ठोकणार, आणि दोघांचं पटलं तरच घेणार. त्यामुळे त्यांच्या घरी सातजणांची आमटी मावेल असं एकही पातेलं नाही, पण मांडणी कोसळली तर ऐकत राहावंसं वाटतं. मिक्सर आणि पंखा एकदम लावायला बंदी. “अगं, एक बंद कर! दोघं एकमेकाला खरवडायलेत!” मेहुणी बिचारी घामाघूम होऊन चटणी वाटते.

असं का, हे विचारायची चूक मी एकदाच केली. चहा गार होईस्तोवर त्यांनी मला अंगणात चालवलं. “हे बघा, मी दोन पावलं टाकतो, तेवढ्यात तुम्ही तीन टाका. घडीघडी दोघांचा पाय एकदम पडतो का नाय? सा आणि पंचमाचं असंच हाय. कान खुश! आता जवळजवळ माझ्याइतकंच चाला, पण जरासं भरभर. बघा, पाय गुंतले. झाली कटकट!” माझे पाय खरंच गुंतले आणि मी त्यांच्या मोटारसायकलवर आदळलो. पण डोक्यात लख्ख शिरलं, हे कबूल करतो.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण त्यांच्या एकुलत्या लेकीचं, मुक्ताचं लग्न निघालं आणि या माणसानं पत्रिकाच बाजूला सारली. “गुणबिण राहू द्या. जल्मभर एका घरात बोलायचं, तर आवाज जुळले पाहिजेत.” नांदेडचा मुलगा आला. जनावरांचा डॉक्टर, लाखात एक. मुक्ताला तो मनापासून आवडला होता. दोघं आधीच दोनदा भेटले होते, हे फक्त मला ठाऊक. पोहे संपतात न संपतात तोच साडूंनी दोघांना शेजारी उभं केलं. “मिळून लांब ‘आ’ म्हणा.” मुलाची आई माझ्याकडे बघायला लागली. मी कुठं बघणार? छताकडे बघितलं. पोरगा लाजेनं थरथरत होता, त्याचा सूर मुक्ताच्या सुरापाशी जाऊन घसरत होता. साडूंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पाहुण्यांदेखत सांगून टाकलं, “नाय. खरखरतंय. माफ करा.”

असा संताप आला म्हणून सांगू! मी तोंड उघडणार, तोच मुक्ता रडवेली होऊन म्हणाली, “बाबा, तुमचा आणि आईचा तरी कुठं जुळतो? म्हणून दाखवा.”

“न जुळायला काय झालं?” साडू तरातरा उठले. मेहुणी पदराला हात पुसत आली आणि दोघांनी ‘आ’ लावला. अरारारा! पत्र्यावर खिळा ओढावा तसं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साडूंचा चेहरा बघवेना.

“इतकी वर्षं झाली,” ते हळूच म्हणाले, “मला कधी ऐकूच आलं नाय.”

“तुम्हाला सवय झाली,” मेहुणी म्हणाली. “मला पहिल्या दिवसापासून येतंय ऐकू.”

पाहुण्यांसकट सगळे खो खो हसले. साडू मात्र उठून आतून पेढ्यांचा डबा घेऊन आले. मग मुलाच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, “निम्मं गणित हवेत असतं, डॉक्टरसाहेब. निम्मं कानाच्या सवयीत. ते आम्ही धरलंच नव्हतं.”

लग्न धूमधडाक्यात झालं, मुक्ता नांदेडला गेली आणि ते घर एकाएकी मोठं वाटायला लागलं. परवा रविवारी सकाळी गेलो, तर साडू समोर फोन ठेवून बसलेले. पलीकडून मुक्ता आणि जावई एकमेकांचं तोडत बोलत होते. कुणाची तरी म्हैस व्याली होती, कुकरची रिंग कुठं मिळत नव्हती.

“ठेवू का बाबा?” मुक्तानं विचारलं.

“नको गं. मला काय सांगू नका. तुम्ही दोघं आपसातच बोला, मी नुसता ऐकतो.”

“काय हो, आता जुळतात का?” मी मुद्दाम डिवचलं.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. डोळे भरले होते त्यांचे. मग मीही खुर्ची ओढली आणि शेजारी बसून ऐकत राहिलो.